कडबाकुट्टीचं चाक आणि सातवीचा वर्ग : वस्तू कोणत्या पद्धतीने बनवायची, हे ठरवायला मुलांना कसं शिकवावं?



आजचा लेख कार्यानुभव आणि विज्ञान या दोन्ही विषयांना धरून आहे. एखादी वस्तू बनवायची असेल तर ती ओतून बनवावी, ठोकून बनवावी, कापून काढावी की तुकडे जोडून बनवावी? हा निर्णय मुलांना कारणासह घेता यावा, यासाठी वर्गात काय करता येतं ते मी इथे मांडते. सहावी-सातवीसाठी हा पाठ मी करून पाहिला आहे. पाचवीलाही थोडा सोपा करून घेता येईल.

सुरुवात कुठून झाली

बारामती-नीरा रस्त्यावरचं आमचं वडगाव निंबाळकर. चहूकडे ऊस, घरोघरी एखाद-दोन गाया, आणि गोठा म्हटला की कडबाकुट्टी आलीच. आमच्या घरची कडबाकुट्टी सासऱ्यांच्या काळातली, हाताने फिरवायची. पुढे तिला मोटार बसवली. दोन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या चाकाचा एक आरा तडकला. नवीन चाक आणायचं तर वेळ जाणार आणि गाया तर दावणीला उभ्या. म्हणून चाक वेल्डिंग करून आणलं. दिसायला सांधा अगदी मजबूत. मोजून आठव्या दिवशी मशीन चालू असताना चाक सांध्याच्या शेजारीच फुटलं आणि हाताएवढा तुकडा उडून गोठ्याच्या पत्र्याला भोक पाडून गेला. नशीब, त्या वेळी समोर कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी माझा मुलगा तिथेच वाढे उचलायला उभा असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सहज ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, "वेल्डिंग तर लोखंड जोडण्यासाठीच असतं ना? मग का तुटलं?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या उत्तरपत्रिकेत चार ओळींच्या वर काही नसतं, तो हळूच म्हणाला, "बाई, बीड असंल ते. बिडाला वेल्डिंग टिकत न्हाय. गार व्हताना बाजूनं तडकतं." त्याच्या घरी लोहारकाम आहे. मी डी.एड. झालेली, विज्ञान शिकवणारी, आणि मला हे माहीत नव्हतं! घरी जाऊन पाहिलं. चाक बिडाचंच होतं.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागले. कोणती वस्तू कोणत्या पद्धतीने बनवावी, हा फक्त कारखान्यातल्या इंजिनिअरचा प्रश्न नाही. निवड चुकली तर पैसा जातो, आणि कधी जीवावरही बेततं.

आधी माझी चूक सांगते

पहिल्या वर्षी मी काय केलं? फळ्यावर तक्ता काढला. एका बाजूला 'पद्धत', दुसऱ्या बाजूला 'वस्तू'. ओतकाम – घंटा. सुतारकाम – खुर्ची. वेल्डिंग – गेट. मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि पाठ केलं. चाचणीत मी तक्त्याबाहेरची वस्तू विचारली : "पाण्याची टाकी कशी बनवाल?" जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, 'वेल्डिंग'. एकाने तर माठसुद्धा वेल्डिंग करून बनवला होता!

चूक मुलांची नव्हती. मी त्यांना उत्तरं दिली होती, निवड करायला शिकवलंच नव्हतं. निवड शिकवायची तर आधी पर्याय हातात हवेत आणि मग त्या पर्यायांना विचारायचे प्रश्न हवेत. खालचा पाठ त्याच क्रमाने आहे.

पायरी १ : स्वयंपाकघरातून पाच रीती

जगातल्या बहुतेक वस्तू ज्या रीतींनी बनतात, त्या मुलांनी आईच्या, आजीच्या हाताखाली रोज पाहिलेल्या असतात. फळ्यावर फक्त पदार्थांची नावं लिहा आणि विचारा, "हा आकार आला कसा?"

- इडली : पातळ पीठ साच्यात ओतलं, घट्ट झाल्यावर काढलं. हे ओतकाम. घंटा, बिडाचं चाक, मोटारीच्या इंजिनाचा मुख्य ठोकळा असाच ओतून बनतो. प्लॅस्टिकची बादलीही साच्यातच तयार होते. फरक एवढाच की तिथे वितळलेलं प्लॅस्टिक जोराने दाबून भरतात.
- भाकरी : गोळा थापून, दाबून पसरवला. काही काढलं नाही, काही जोडलं नाही. हे ठोकून, दाबून किंवा वाकवून घडवणं. विळा, कुदळ, तांब्याचा हंडा, पन्हाळी पत्रा या गटात येतात. चकलीही याच कुळातली, कारण पीठ सोऱ्यातून दाबून बाहेर काढतो आणि भोकाचा जो आकार, तो चकलीचा आकार. आपल्या शेतातली ठिबकची नळी अशीच बनते. वितळलेलं प्लॅस्टिक गोल फटीतून सलग बाहेर ढकलत राहायचं आणि गार करायचं.
- शंकरपाळी : लाटलेल्या पोळीतून कापून काढली, कडेचा भाग उरला. हे कापणं, तासणं, कोरणं. रंधा, करवत, ड्रिल, लेथ मशीन ही सगळी याची हत्यारं.
- करंजी : दोन कडा दाबून एकमेकींना चिकटवल्या. हा जोड. वेल्डिंग, नट-बोल्ट, खिळा, डिंक, शिलाई हे जोडाचेच प्रकार.
- जिलेबी : वेटोळ्यावर वेटोळं सोडत आकार तयार केला. हे थर देत उभारणं. कुंभारमाशी चिखलाचं घर असंच बांधते. आताचा थ्रीडी प्रिंटरही एका बारीक नळीतून वितळलेलं प्लॅस्टिक थरावर थर सोडत वस्तू उभी करतो.

हा तास मुलं कधीच विसरत नाहीत. एका मुलीने विचारलं, "बाई, मग मोदक कशात?" अर्धा वर्ग म्हणाला दाबून, अर्धा म्हणाला जोडून. कळ्या पाडून हाताने केलेला असेल तर दाबून घडवलेला आणि वर तोंड जोडलेलं. साच्यातला असेल तर साच्यात दाबलेला. एकाच वस्तूला दोन रीती असू शकतात, हे मुलांनी स्वतःच शोधलं. मला नेमकं हेच हवं होतं.

पायरी २ : एकाच यंत्रात सगळ्या रीती

आता मुलांना कडबाकुट्टी दाखवा. यंत्र बंद, वीज तोडलेली आणि पाती काढून ठेवलेली असली पाहिजेत. ही अट अजिबात ढिली करू नका. कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं आपण सर्वांनी पाहिली आहेत. यंत्र नाहीच मिळालं तर मोठा फोटोही चालतो.

प्रत्येक भागापाशी थांबून विचारायचं, "हा असाच का बनवला?"

*मोठं चाक.* हे जड हवं, कारण एकदा गती घेतली की त्या वजनामुळेच ते कडब्याच्या पेंढीतून न अडखळता फिरत राहतं. आकार गोल, मध्ये आरे, पात्यांसाठी जागा. असा जड आणि वाकडातिकडा आकार एका दमात मिळवायचा तर ओतकाम सोयीचं. ओतायला बीड चांगलं. बिडात कार्बनचं प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असतं. त्यामुळे ते सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळतं, तर शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. वितळलेलं बीड साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पोहोचतं. पण हाच कार्बन त्याला ठिसूळ करतो. बीड दाब छान सोसतं, ओढ आणि धक्का मात्र सोसत नाही.

आमचं चाक का फुटलं, हे इथे उलगडतं. वेल्डिंग करताना एकाच जागी प्रचंड उष्णता बसते. ती जागा फुगते, आणि गार होताना आक्रसते. साधं पोलाद थोडं ताणलं जाऊन ही ओढ सहन करतं. बिडाला ताणायचं माहीतच नाही, ते सरळ तडकतं. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यासारखं. बिडाला वेल्डिंग होतच नाही असं नाही. आधी भाग तापवून, वेगळी कांडी वापरून आणि खूप हळू गार करून जाणकार कारागीर ते करतात. पण जे चाक पाती घेऊन वेगाने फिरणार आहे, त्याच्या बाबतीत जोखीम नको. ते बदलावंच.

*पाती.* इथे बीड चालणार नाही. पातं कठीण हवं, त्याला धार टिकली पाहिजे, आणि खडा लागला तर त्याचा भुगा होता कामा नये. म्हणून पोलादाचं पातं. लोहार पातं लालभडक तापवून एकदम बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. त्यामुळे ते कठीण होतं. पण त्यासाठी पोलादात पुरेसा कार्बन लागतो. गेटाच्या साध्या लोखंडी पट्टीला कितीही पाणी दिलं तरी तिला तशी धार राहात नाही.

*पात्याचे बोल्ट.* पाती चाकाला वेल्ड का केली नाहीत? मुलं लगेच सांगतात, "धार लावायला काढावी लागतात." बरोबर! जोड कायमचा हवा की सोडवता येणारा, हा निवडीचा मोठा मुद्दा आहे.

*पायाची घोडी.* आजकालच्या मशीनला अँगल कापून वेल्डिंग केलेली घोडी असते. इथे वेल्डिंग योग्य. अँगल साध्या पोलादाचा असतो, तो वेल्डिंग छान घेतो, आणि घोडी पुन्हा सुटी करायची गरज नसते. एकाच यंत्रात एका ठिकाणी वेल्डिंग बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक, हे मुलांच्या डोळ्यांसमोर येतं.

*वरचं झाकण.* पत्रा कापून, वाकवून केलेलं. हलकं आणि काढता येणारं. काही लोक "अडचण होते" म्हणून ते काढून ठेवतात. मुलांना आवर्जून सांगा की हे झाकण म्हणजे आपली बोटं आहेत.

इथे मी मुलांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगते. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडून बेळगावला गेले, आधी सायकलींचं दुकान टाकलं आणि मग छोट्या कारखान्यात कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल, या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घेत नसत. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. आपल्या गोठ्यातल्या यंत्राचा इतिहास एका शिक्षकापाशी जाऊन पोहोचतो, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं. मलाही वाटतं!

पायरी ३ : निवडीचे सहा प्रश्न

पर्याय कळले. आता प्रश्न. हे सहा प्रश्न मी वर्गात मोठ्या कागदावर लिहून लावले आहेत.

१) या वस्तूला काय सोसायचं आहे? दाब, ओढ, धक्का, पीळ, झीज, उष्णता की पाणी? आपल्या भागात याचं सुंदर उदाहरण म्हणजे साखर कारखान्यातला ऊस पिळणारा रोलर. त्याच्या बाहेरचं जाड कवच बिडाचं ओतलेलं असतं आणि आतला दांडा ठोकून घडवलेल्या पोलादाचा. कवच तापवून दांड्यावर चढवतात, गार होताना ते आवळून घट्ट बसतं. असं का? बिडाचा पृष्ठभाग खडबडीत राहतो, त्यामुळे ऊस घसरत नाही, आणि ते दाबही सोसतं. दांड्याला मात्र प्रचंड पीळ सोसायचा असतो, तिथे ठिसूळ बीड टिकणार नाही. एकाच रोलरमध्ये दोन धातू आणि दोन पद्धती, ज्याचं काम त्याला. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील कारखान्यात कामाला आहेत. हे उदाहरण दिल्यावर ती मुलं ताठ बसून ऐकतात.

२) ती कशाची बनवायची आहे? माती ओली असताना घडते, भाजल्यावर नाही. लाकूड ओतता येत नाही. तांबं ठोकून पसरतं, बीड ठोकलं तर फुटतं. पदार्थाचा स्वभाव ओळखल्याशिवाय पद्धत ठरत नाही.

३) आकार कसा आहे? लांब आणि सर्वत्र सारखा असेल (नळी, पाइप, खिडकीची पट्टी) तर सोऱ्याची पद्धत. पातळ आणि पसरट असेल तर पत्रा वाकवणं. भरीव आणि गुंतागुंतीचा असेल तर ओतकाम. ठिबकची नळी सोऱ्यातून निघते, पण त्याच नळीला जोडायचा छोटा जॉइनर साच्यात बनतो, कारण त्याचा आकार सगळीकडे सारखा नसतो. दोन्ही वस्तू वर्गात आणून शेजारी ठेवा. फरक डोळ्यांना दिसतो.

४) किती नग हवेत? हा प्रश्न थेट गणिताच्या तासाला नेता येतो. समजा, दिवाळीच्या पणत्या करायच्या आहेत. हाताने केली तर एका पणतीला ३ रुपये खर्च. साच्यात केली तर १ रुपया, पण साच्याचे ६०० रुपये आधी घालावे लागतात. किती पणत्यांनंतर साचा परवडेल? एका पणतीमागे २ रुपये वाचतात, ६०० भागिले २, म्हणजे ३००. पन्नास पणत्या करायच्या असतील तर हातच बरा, हजार करायच्या असतील तर साचा. थ्रीडी प्रिंटर एक-दोन नमुन्यांना का चांगला आणि लाखभर बादल्यांना का नाही, तेही इथेच कळतं. त्याला साचा लागत नाही, पण वेळ फार लागतो.

५) किती अचूक हवी? खाटेचा पाय दोन मिलिमीटर कमी-जास्त चालतो, खाली चिपट घालता येतं. बेअरिंग बसायची जागा अशी चालत नाही. म्हणून कारखान्यात पुष्कळ वस्तू आधी ओततात किंवा घडवतात आणि नेमक्या जागी लेथवर कातून घेतात. दोन पद्धती एकामागून एक, हाही एक पर्याय असतो.

६) बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आणि बनवताना, वापरताना कोणाला इजा होईल? हा प्रश्न मी आमच्या चाकानंतर घातला. गावात दुरुस्त होणारी वस्तू थोडी ओबडधोबड असली तरी परवडते. ज्या दुरुस्तीत जीवाला धोका आहे, ती स्वस्त असूनही महाग पडते.

पायरी ४ : वर्गात करायच्या कृती

*कृती अ – कागदाचा पूल.* दोन पुस्तकांच्या मध्ये साधा कागद ठेवा. खोडरबर ठेवला तरी तो खाली लवतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला. आता त्यावर कंपासपेटी राहते. काहीही न वाढवता फक्त वाकवल्याने ताकद आली. मग खिडकीतून बाहेर बोट दाखवा : गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा!

*कृती ब – तीन जोड.* पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्या. एक जोड डिंकाने, एक स्टेपलरने, एक सुई-दोऱ्याने. खाली बाटली बांधून त्यात पेल्याने पाणी ओतत जा. कोणता जोड किती पेल्यांना तुटला, ते लिहा. मग विचारा, "पट्टी ओली होणार असेल तर? जोड पुन्हा सोडवायचा असेल तर?" उत्तरं बदलतात. सर्वात मजबूत जोड प्रत्येक वेळी सर्वात योग्य नसतो, हे मुलांना तिथेच पटतं.

*कृती क – साचा.* शाडूच्या मातीत एखादी वस्तू दाबून ठसा घ्या आणि त्यात कालवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. कालवणं शिक्षकांनी करावं. घट्ट होताना ते गरम होतं, त्यात कोणी बोट घालू नये. मुलांनी निवडलेल्या निम्म्या वस्तू साच्यातून निघतच नाहीत किंवा ठसा मोडतो. मग इडलीपात्र दाखवा आणि विचारा, "वाट्या वर रुंद आणि तळाला निमुळत्या का?" आमच्या वर्गात उत्तर आलं, "इडली सुटून यावी म्हणून." ओतकामाचा साचा करणाऱ्यालाही नेमकी हीच काळजी घ्यावी लागते.

*कृती ड – शाळेची खरी गरज.* शाळेच्या माठासाठी तिवई हवी होती. तीन गट केले आणि सहा प्रश्न हातात दिले. पहिल्या गटाने लाकडी तिवई सुचवली, दुसऱ्याने सळईची वेल्डिंग केलेली, तिसऱ्याने विटा-सिमेंटचा कट्टा. प्रत्येक गटाने खर्च काढला आणि वर्गापुढे बाजू मांडली. सळईवाले म्हणाले, "आमची हलवता येते." कट्टेवाले म्हणाले, "माठाची जागा ठरलेली आहे, हलवायची कशाला? पाणी सांडून सळई गंजेल." लाकूडवाल्यांनी मान्य केलं की सतत ओल असेल तर लाकूड कुजेल. शेवटी कट्टा झाला. पण सहलीला पाणी नेताना सळईचीच तिवई बरोबर ठरली असती, हेही वर्गाने मान्य केलं.

गावातली क्षेत्रभेट

कुंभार, लोहार, सुतार आणि फॅब्रिकेशनचं दुकान, एवढ्या चार जागा पुरतात. आधी जाऊन कारागिरांशी बोलून या. वेल्डिंगच्या ठिणगीकडे आणि उजेडाकडे मुलांनी उघड्या डोळ्यांनी बघू नये, म्हणून आपण असेपर्यंत वेल्डिंग बंद ठेवायला सांगा आणि फक्त झालेलं काम दाखवा. मुलांनी प्रत्येक कारागिराला एकच प्रश्न विचारायचा : "दादा, हे असंच का केलं, दुसऱ्या पद्धतीने का नाही?" या प्रश्नाने कारागीर खुलतात. आम्हाला कुंभारकाकांनी दाखवलं की माठ नुसता चाकावर पूर्ण होत नाही. चाकावरून उतरवल्यावर आतून गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत त्याचं पोट वाढवतात. दोन पद्धती एकामागून एक!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचवला आहे. त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला जाणं अपेक्षित आहे. तेव्हा या भेटीला वेगळा वेळ कुठून काढायचा, ही अडचण राहात नाही.

मूल्यमापन कसं करावं

'पद्धत ओळखा' असा प्रश्न देऊ नका. वस्तू द्या, परिस्थिती द्या आणि कारण मागा. माझे काही प्रश्न :

१. विळ्याचं पातं बिडाचं ओतून केलं तर काय होईल?
२. शाळेसाठी एकच नामफलक हवा आहे. साचा करावा का?
३. सायकलचं चाक फ्रेमला वेल्ड का करत नाहीत?
४. तुमच्या घरातली एक दुरुस्त केलेली वस्तू निवडा. दुरुस्तीची पद्धत योग्य होती का? सहा प्रश्न लावून सांगा.

गुण देताना निम्मे गुण कारणाला ठेवा. उत्तर आपल्यापेक्षा वेगळं असलं पण कारण पटत असलं, तर पूर्ण गुण द्या. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांची तोंडी परीक्षा घ्या. माझ्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाने तोंडी उत्तरात पात्याला पाणी कसं देतात ते हातवारे करून सांगितलं, आणि मग पहिल्यांदाच स्वतःहून दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका खूप होत्या. मी त्या दुसऱ्या दिवशी दाखवल्या.

पालकांचा एक प्रश्न

पालकसभेत एका वडिलांनी मला उभं राहून विचारलं, "बाई, पोराला काय वेल्डर करायचंय का? त्यापेक्षा स्कॉलरशिपचे दोन पेपर जास्त सोडवून घ्या." प्रश्न रास्त होता आणि रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केलं, त्यांना मुलाचे हात त्यातून सुटावेत असं वाटणं साहजिक आहे.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, सहा प्रश्न लावून कारणासह निवड करणं हीच तर बुद्धिमत्ता चाचणी आहे, फक्त इथे पर्याय छापलेले नसतात. दुसरी, बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून अवकाश रॉकेटच्या भागांपर्यंत कामं होतात. तिथे हातोडा धरणारे लागतात, तसे 'हा भाग कसा बनवायचा' हे ठरवणारेही लागतात. आपल्या मुलाने आणि मुलीने त्या खुर्चीपर्यंत पोहोचावं असं वाटत असेल, तर आधी त्यांना वस्तूकडे बघून 'का' विचारता आलं पाहिजे.

ही कल्पना माझी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचं, हे तिथलं सूत्र. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. त्यात शेती, ऊर्जा, आरोग्य आणि अभियांत्रिकी अशी खरी कामं मुलं करतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅबही सुरू झाली. एका खेड्यातली मुलं वेल्डिंगची कांडी आणि संगणकावर चालणारी यंत्रं, दोन्ही शिकतात आणि कुठे काय वापरायचं ते ठरवतात. जमलं तर शिक्षकांनी एकदा तिथे जरूर जाऊन यावं.

शेवटी

हा पाठ घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. इडलीपात्र, सोऱ्या, ठिबकच्या नळीचा तुकडा, थोडा पुठ्ठा, आणि गावातले चार कारागीर एवढं पुरतं. वेळ म्हणाल तर आठवड्याला दोन तास धरून साधारण महिना.

आमच्या कडबाकुट्टीला आता नवीन चाक आहे, वर पत्र्याचं झाकणही आहे. जुन्या चाकाचा फुटका तुकडा मी भंगारात दिला नाही. तो वर्गातल्या कपाटात असतो. फुटलेल्या जागी त्याचे करडे, खडबडीत कण दिसतात. नवीन वर्ग आला की तुकडा हातोहात फिरवायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा : "सांगा बरं, हे का तुटलं?"

तुम्ही तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर तुमच्या गावातली कोणती वस्तू वापरली, ते जरूर कळवा. कोकणातली होडी असेल, कोल्हापूरची चप्पल असेल, सोलापूरची चादर असेल. प्रश्न तेच सहा, उत्तरं मात्र तुमच्या मातीतली येतील.